आमच्या वस्तीत मानसिक आरोग्याचं काम कसं उभं राहिलं: माझा अनुभव

आमच्याकडे मानसिक आरोग्यावर काहीतरी करूया असं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात पहिलं आलं ते १० ऑक्टोबरचं व्याख्यान, जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो ना, मग हॉल घेऊ, पोस्टर लावू, कुणा डॉक्टरांना बोलवू वगैरे. १९९२ पासून हा दिवस पाळतात आणि व्याख्यानाला माझा काही विरोध नाही, पण त्या मीटिंगमध्ये मी एकच प्रश्न लावून धरला, की कार्यक्रम संपल्यावर एखादी बाई हळूच जवळ येऊन म्हणाली की ताई माझ्या मुलाचं असंच चाललंय, तर तिला आपण कुठे पाठवणार? कुणाकडेच उत्तर नव्हतं. आणि अशी बाई येणारच होती. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे की जगात दर ८ माणसांमागे १ जण कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारासोबत जगतोय, म्हणजे साधारण ९७ कोटी लोक. तेव्हा आधी माणसं पाठवायची जागा शोधू आणि मगच माईक हातात घेऊ, हा माझा हट्ट होता आणि नशिबाने बाकीच्यांनी तो ऐकला.

मग बरेच दिवस आम्ही फक्त फोन करत होतो आणि दवाखाने बघत होतो. काय विचारायचं ते ठरवून घेतलं होतं, कोणकोणत्या भाषा बोलणारं कुणी आहे, नवीन पेशंटला पहिला नंबर कधी मिळतो, पैसे नसतील तर काय, बाई डॉक्टर आहेत का, रात्री अचानक गरज पडली तर कुठे धावायचं. कोण काय करतं हेही आमच्यातल्या बऱ्याच जणांना नव्याने कळलं, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ हे आधी डॉक्टर असतात आणि गोळ्या तेच लिहून देतात, समुपदेशक बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. एका ठिकाणी केसपेपरपासून पाट्यांपर्यंत सगळं एकाच भाषेत होतं आणि कर्णबधिर माणूस आला तर काय करता असं विचारलं तर म्हणाले लिहून दाखवतो की. ज्याची पहिली भाषा हातांची आहे त्याने मनातली घालमेल दुसऱ्याच भाषेत कागदावर मांडायची, तीसुद्धा मागे रांग उभी असताना! मला खरंच राग आला होता. पण तिथले डॉक्टर चांगले होते म्हणून नाव यादीतून काढलं नाही, पुढे ठळक लिहून ठेवलं की सांकेतिक भाषेचा दुभाषी सोबत घेऊन जाणे.

त्यातल्याच एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी आम्हाला ट्रेनिंग द्यायचं कबूल केलं. संकटात सापडलेल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार कसा द्यायचा याची पुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढली होती, तिचा गाभा तीन कामांचा आहे, बघायचं, ऐकायचं आणि योग्य मदतीशी जोडून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं पण करायला बसलं की समजतं, समोरचा बोलत असताना आपल्या तोंडातून आपोआप बाहेर पडतं की मन घट्ट कर, तुला काय कमी आहे, असे दिवस सगळ्यांवर येतात. ही वाक्यं गिळायला शिकणं हेच अर्धं ट्रेनिंग होतं. आणि सगळ्यात जड गेलं ते आत्महत्येबद्दल सरळ विचारणं. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू अशी भीती सगळ्यांना असते, पण संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना कुणीतरी ओझं उचलल्यासारखं वाटतं. मॅडमनी आम्हाला जोड्या करून समोरासमोर बसवलं आणि मोठ्याने म्हणायला लावलं, "जगणं संपवावं असं मनात येतं का?" पहिल्यांदा बऱ्याच जणांचा आवाज फुटेना. शब्द न अडखळता येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. अजून एक नियम तेव्हाच पक्का झाला, ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, फक्त जिवाला धोका असेल तर गप्प बसायचं नाही, आणि हे समोरच्याला बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकायचं.

आता आमच्याकडे वेगवेगळ्या भाषांची, धर्मांची माणसं, रात्रपाळीवाले, एकटे राहणारे म्हातारे, नुकतेच दुसरीकडून आलेले, सगळे आहेत. सगळ्यांना एकच भाषण देऊन चालणार नव्हतं. रात्रपाळीवाले झोपेवर बोलायला लगेच तयार झाले आणि झोपेवरून गोष्ट दारूवर, मग घरातल्या भांडणांवर आपोआप आली. म्हाताऱ्या माणसांचं अंग दुखतं, डोकं जड असतं, भूक मेलेली असते, त्यांना आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं कारण थायरॉइड किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो, ते तपासल्याशिवाय नैराश्यावर, म्हणजे डिप्रेशनवर, उडी मारायची नाही. तरुण पोरांपैकी काहींना घरच्यांना कळायला नको होतं, विशेषतः जी मुलं समलिंगी आहेत त्यांना, आणि तिथे आम्ही फार काळजी घेतली कारण घरात चुकून शब्द गेला तर त्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ शकतं. प्रार्थना घेणाऱ्या मंडळींकडे मी स्वतः गेले. वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की लोक तुमच्याकडे आधी येतात, तर प्रार्थना तुम्ही कराच आणि सोबत डॉक्टरकडेही जायला सांगा. त्यातल्या एकांनी पुढे स्वतःहून माणसं पाठवली.

प्रत्येक गटातला ऐकणारा त्याच गटातला हवा हे आम्हाला झिम्बाब्वेतल्या हरारे शहरातल्या एका कामावरून पटलं होतं. तिथल्या डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये ते सुरू केलं, दवाखान्याच्या आवारात बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसतात आणि आलेल्या माणसाशी बोलून त्याचा एकेक प्रश्न सोडवायला त्याला मदत करतात. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली आणि सहा महिन्यांनी त्या लोकांची लक्षणं नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा बरीच कमी होती. आज्यांनी हे केलंय हे ऐकल्यावर आमच्यातल्या वयस्कर बायका ज्या मागे मागे राहत होत्या त्या पुढे आल्या.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून. एक काका आले होते, त्यांची भाषा मला येत नव्हती, सोबत शाळेतली मुलगी होती दुभाषी म्हणून. आम्ही नैराश्याची लक्षणं बघायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतो, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी नीट तपासावं असा साधारण संकेत, तेवढ्यावरून आजार ठरवायचा नसतो. कशात रस वाटत नाही का, झोप, थकवा असं सगळं ती पोरगी बापाला विचारत होती आणि त्यांचं उत्तर मला सांगत होती, काकाही फार मोजून, तिच्याकडे न बघता बोलत होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो मी त्या पोरीच्या तोंडी देणं शक्यच नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला, तिला आमच्या एका ताईंसोबत बाहेर पाठवलं आणि यादीतल्या दुभाषी बाईंना फोन लावून स्पीकरवर घेतलं. त्यांनी काकांच्या भाषेत सरळ विचारलं. काका बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले आणि मग हो म्हणाले. मग पुढचे प्रश्न, कसं करायचं ते ठरवलंय का, आज जवळ कोण आहे. त्यांना विचारूनच भावाला बोलावलं, घरातल्या धोक्याच्या वस्तू भावाने स्वतःच्या ताब्यात घ्यायचं कबूल केलं आणि त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. घरातल्या लेकरांना दुभाषी करायचं नाही हे मी तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पहिल्या तासालाच सांगते.

लोकांना वाटतं दवाखान्यात पोचवलं की काम झालं, पण माणूस हातातून सुटतो तो त्यानंतर. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि मळमळ, बेचैनी हा त्रास मात्र आधी सुरू होतो. म्हणजे ज्या आठवड्यात सगळ्यात वाईट वाटतंय त्याच आठवड्यात गोळी काही कामाची नाही असं वाटून लोक ती बंद करतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते आणि बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू, हे त्यांच्या भाषेत त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतं. म्हणून पहिल्या भेटीला कुणीतरी सोबत जातो, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात फोन करतोच करतो, आणि फोन त्यांच्या भाषेतलाच माणूस करतो.

काका आता कामावर जातात, गोळ्या चालू आहेत. पुढच्या ट्रेनिंगला त्यांच्या भावाने नाव दिलंय, पण तो रात्रपाळीला असतो, त्यामुळे ती बॅच आम्ही संध्याकाळची काढून दुपारी ठेवलीय.