चारोळी अखेर रुजली

बहावा, शिवण आणि अंजन या रानझाडांची रोपे मार्गी लागल्यापासून आपल्या रोपवाटिकेचे घोडे एकट्या चारोळीपाशी अडले होते. ते या आठवड्यात हलले असून, इंदूरच्या आमच्या गच्चीवरील वाळूच्या ट्रेमध्ये कोंब दिसू लागले आहेत.

बहाव्याचे उकळत्या पाण्याच्या चटक्यावर भागते आणि अंजनाचे तेवढेही लाड करावे लागत नाहीत. चारोळीचे कवच मात्र ना पाण्याला दाद देते, ना शेणकाल्याला. त्यावर गंधकाम्लाचा उपाय सांगितला जातो, परंतु ज्या गच्चीवर सोसायटीतील मुले पिशव्या भरायला येतात, तेथे आम्ल आणणे मला मान्य नाही. हातोडीने कवच फुटते खरे, पण गरही चेचतो आणि त्यावर बुरशी हमखास धरते. अखेर गुण आला तो बाकाला लावायच्या लहान व्हाइसने, म्हणजे दांडा फिरवून वस्तू जबड्यांत आवळून धरणाऱ्या अवजाराने. कवचाची शिवण दोन्ही जबड्यांना टेकेल असे बी उभे धरावे, दांडा हलक्या हाताने फिरवावा आणि बारीक ‘टच्’ ऐकू येताच थांबावे. शिवणीवर केसाएवढी चीर पडते, गर शाबूत राहतो आणि बी कवचासकट वाळूत पेरता येते.

तरीही सारे श्रेय व्हाइसचे नव्हे. विकत मागवलेले बी बहुतेक पोचट निघाले (त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाणे नाही). उगवले ते इंदूरजवळच्या घाटातील चोरल गावाकडच्या बायकांनी आणून दिलेल्या, झाडावरच काळ्या पडलेल्या फळांतले. चारोळीला भाव असल्यामुळे आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, या धास्तीने फळे हिरवीच उतरवली जातात, आणि अशा अपक्व बियांना कोणतेही अवजार रुजवू शकत नाही. म्हणून ट्रे वाढवण्याचा बेत मी तूर्त बाजूला ठेवला आहे. गावाने मिळून काही झाडे पिकेपर्यंत राखावीत आणि त्या फळांचा चढा दर आपण आगाऊ ठरवावा, असे चोरलच्या त्या मावशींशी बोलणे चालू आहे.

हे लिहिताना आणखी एक सुचते आहे. चारोळीचे सोटमूळ खोल जाते आणि आखूड पिशवीत वेटोळे घेते. मग रोपे शहरात वाढवून घाटात नेण्याचा खटाटोप कशासाठी? व्हाइसच गावात न्यावा आणि पेरणी तेथेच, लांब पिशव्यांत व्हावी. कोणाकडे जुना, पण जबडे सरळ असलेला व्हाइस पडून असेल, तर पावसाळा ऐन भरात येण्याआधी कळवावे.