पवनबोगद्याची फरशी

आज सुट्टी, त्यामुळे १९९० ची फॉर्म्युला वनची फ्रेंच ग्रां प्री रेस पुन्हा लावून बसलो. बायको म्हणाली, "निकाल माहीत असलेली रेस काय बघतोस?"

निकालासाठी नाहीच बघत. लेटन हाऊस नावाची छोटीशी टीम. दोनच आठवडे आधी मेक्सिकोत त्यांच्या दोन्ही गाड्या पात्रसुद्धा ठरल्या नव्हत्या. डिझायनर एड्रियन न्यूई, साउदॅम्प्टनचा एरोनॉटिक्सचा पदवीधर. गाडीचं मॉडेल पवनबोगद्यात (म्हणजे जोराचा वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात) झकास आकडे द्यायचं आणि गाडी ट्रॅकवर रुसायची. शेवटी दुसऱ्या बोगद्यात चाचणी घेतल्यावर उलगडा झाला: पहिल्या बोगद्याची फरशीच वाकलेली होती! गाडीच्या पोटाखालून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. तो सगळा खेळ काही मिलिमीटरांचा, त्यात फरशीच खोटं बोलत असेल तर इंजिनिअरने करायचं काय?

त्यांनी गाडीचा तळ बदलला. ही फ्रेंच रेस झाली त्या पॉल रिकारचा गुळगुळीत ट्रॅकही मदतीला आला म्हणा. त्यांचा ड्रायव्हर इव्हान कापेली टायर न बदलता आघाडीवर राहिला, आणि तीनच लॅप उरल्या असताना प्रतिस्पर्धी ड्रायव्हर प्रोस्टने त्याला गाठलं. दुसरा नंबर. मी अजूनही हळहळतो.

पण तोवर न्यूईला टीमने नारळ दिला होता! तो विल्यम्स टीममध्ये गेला आणि १९९२ साली त्याच्या एफडब्ल्यू१४बी गाडीत मॅन्सेल विश्वविजेता झाला. आणि हा माणूस कॉम्प्युटरच्या जमान्यातही ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलनेच रेघा मारतो.

बायकोने शेवटच्या लॅप्स माझ्या शेजारी बसून बघितल्या, बरं का.