पोराच्या दातांचा डॉक्टर कोण?

कॅलिफोर्नियात नऊ वर्षं झाली, पण कोर्टाची पायरी घटस्फोटाच्या वेळीच काय ती चढलो होतो. तेव्हा मी नाईट शिफ्टला, म्हणून पोरगा माझ्याकडे एक आड एक शनिवार-रविवार अशी ऑर्डर झाली. आता डे शिफ्ट मिळाली, घरही शाळेजवळ घेतलं, म्हटलं ऑर्डर बदलून घेऊ. परिस्थिती खरंच बदलली हे दाखवल्याशिवाय इथे फायनल ऑर्डरला हात लावत नाहीत. ऑर्डर बदलून मागायचा एफएल-300 फॉर्म भरायला कोर्टातच फुकट मदत मिळते, हे मात्र मानलं बुवा. कागद पोराच्या आईला मी स्वतः द्यायचे नाहीत, तिसऱ्याने द्यायचे. चोपड्याचा मित्र देऊन आला, वर सांगतो वहिनींनी चहा पाजला!

रांगेत माझ्यापुढे एक पोरगेलासा ड्रायव्हर. लग्न झालेलं नाही, बाळ झालं तेव्हा हॉस्पिटलात पितृत्वाच्या कागदावर सही राहिली, म्हणून ताब्याचं पुढे, आधी आपण बाप आहोत हेच कोर्टातून ठरवून घ्यायचं. आपल्याकडे 1956 च्या हिंदू कायद्यात आधी बाप पालक, 'त्याच्यानंतर' आई, आणि या एका शब्दाचा अर्थ आईच्या बाजूने लागायला 1999 उजाडलं. त्या पोराकडे बघून मला उगाच आपण भारी वाटलो.

ते भारीपण मेडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थ बाईंसमोरच्या बैठकीत, उतरलं. आई-बापाचं जमत नसेल तर जज्जसमोर जायच्या आधी हे करावंच लागतं. बाई शांतपणे विचारतात, टीचरचं नाव काय, डब्यात काय नेतो, कशाची ॲलर्जी, दातांचा डॉक्टर कोण. पहिले तीन पटापट सांगितले. चौथ्याला गप्प. शेजारी बसून हिने नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. अरे, अमळनेरला आमच्या अण्णांना मी कितवीत आहे हे विचारलं असतं तर त्यांनी आईकडे बघितलं असतं, म्हणून काय ते बाप नव्हते? कापसाच्या सीझनला जिनिंगवर रात्र रात्र काढायचे, ते कोणत्या फॉर्मात लिहायचं?

फोनवर आईला सांगितलं तर म्हणे, "बापले बी परीक्षा देनी पडस का रे तठे?" मी म्हटलं हो, आणि मी काठावर पास झालो.

आता बुधवार-गुरुवार पोरगा माझ्याकडे असतो. शेवभाजी खातो, भरीत नको म्हणतो. आणि त्या डॉक्टरचं म्हणाल तर तो तिने तिच्या घराजवळचा बघितला होता, मला कुणी विचारलंही नव्हतं.