मार्गळीतलं चेन्नई: एका सभेतून दुसऱ्या सभेत

डिसेंबरात पुण्याच्या सवाईत एकदा मांडवात बसलं की कलाकार एकामागून एक आपल्यासमोर येतात. चेन्नईत त्याच सुमारास, मार्गळी या तमिळ महिन्यात, श्रोत्यालाच हिंडावं लागतं. मैलापूर, टी. नगर, ट्रिप्लिकेन अशा भागांत पसरलेल्या कितीतरी सभा एकाच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत कचेऱ्या, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफली, लावतात. सभा म्हणजे रसिकांनी चालवलेली संस्था. ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून मद्रासमध्ये संगीत परिषद भरली, त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि तिच्या डिसेंबरातल्या वार्षिक परिषदेभोवती हा सगळा 'सीझन' वाढत गेला.

मैलापुरात उतरलात तर बऱ्याच सभा पायी किंवा थोड्या रिक्षाभाड्यात गाठता येतात. पहाटे कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथींवर भजनं म्हणत जाणारी मंडळी भेटतात, दारोदारी मोठमोठी कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या, काढलेली असतात. त्यासाठी झोपमोड करावीच. अकॅडमीत सकाळी सप्रयोग व्याख्यानं असतात. एखाद्या रागावर किंवा पल्लवीच्या, म्हणजे ताल-लयीत खेळवायच्या एका ओळीच्या, बांधणीवर जाणकार आपसांत वाद घालताना ऐकणं हे शिक्षणच आहे.

माझं ठाम मत असं की दुपार सोडू नये. संध्याकाळच्या मोठ्या नावांची तिकिटं मिळणं अवघड जातं, पण दुपारच्या कचेऱ्या बऱ्याच ठिकाणी विनातिकीट असतात आणि त्यांत तरुण गायक-वादक जीव ओतून गातात-वाजवतात. अर्ध्याच भरलेल्या सभागृहात एका तरुण गायिकेची तोडी ऐकली. कर्नाटक संगीतातल्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. आपल्याकडे भैरवी झाली की मैफल संपली. इथे त्याच स्वरांवर कचेरीचा मुख्य राग उभा होता. गांधारावर तिने घेतलेले कंप ऐकताना ओळखीची भैरवी कुठेच सापडेना, आणि तरीही तेच स्वर! आलापना, मग कृती म्हणजे बांधलेली रचना, नेरवल म्हणजे तिच्या एका ओळीचा विस्तार, कल्पनास्वर म्हणजे ऐनवेळी सुचलेली सरगम, असं करत ती चढत गेली.

मग तनि आवर्तनम्, म्हणजे मृदंग आणि घटम या मातीच्या घटवाद्याची स्वतंत्र फेरी. नेमकी हीच वेळ साधून काही लोक कॅन्टीनकडे निघतात, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या शेजारच्या पाटी (तमिळमध्ये आजी) जागच्या हलल्या नाहीत. आदि तालाची टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, त्यानंतर टाळी आणि पालथा हात अशा दोन जोड्या, मिळून आठ मात्रा त्या मांडीवर मोजत होत्या. माझा हात चुकला की आपला हात जरा उंच धरून मला दाखवत. शेवटचं कोरवै, म्हणजे समाप्तीचा लयबद्ध तुकडा, तीनदा वाजलं, गायिकेने कृतीची ओळ नेमक्या जागी उचलली आणि पाटींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. हे सुख खुर्चीत टिकून बसणाऱ्यालाच मिळतं. एका संध्याकाळी तीन सभांना धावतपळत हजेरी लावण्यापेक्षा एकच कचेरी सुरुवातीच्या वर्णम्‌पासून शेवटच्या मंगळम्‌पर्यंत ऐका.

कॅन्टीनला जा, पण कचेरी संपल्यावर. केळीच्या पानावरचं जेवण, कीरै वडै म्हणजे पालेभाजीचे वडे, मूगडाळीचा अशोका हलवा आणि फिल्टर कॉफी हे सगळं तिथे मिळतं, आणि आज कोण कसं गायलं याची खरी चर्चाही तिथेच होते.

मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट. कचेरीच्या अखेरीला जी छोटी, हलकी पदं गातात, त्यांना तुक्कडा म्हणतात. त्यांत बरेच कलाकार आता आवर्जून अभंग गातात. विठ्ठलाचं नाव आलं की सगळं सभागृह टाळ्यांनी ठेका धरतं. याची मुळं तंजावरात आहेत. तिथे भोसल्यांचं राज्य होतं. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तिकडे गेले, आणि त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला घाट दिला. साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद त्या हरिकथेत आजही गायले जातात. या खेपेला मला एकही हरिकथा पूर्ण ऐकता आली नाही. पुढच्या डिसेंबरात आधी हरिकथांच्या वेळा बघणार आणि बाकीच्या कचेऱ्या त्यांच्या भोवती बसवणार.