पचनसंस्थेची औषधे शिकताना

नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पचनसंस्थेवरील औषधांचा भाग मला आधी सोपा वाटला, कारण बहुतेक नावे वॉर्डात रोज कानावर पडत होती. अडचण पुढे जाणवली: गट, मात्रा, दुष्परिणाम यांचे तक्ते पाठ असूनही रुग्णासमोर नेमके काय पाहायचे ते सुचत नसे. म्हणून तक्ते बाजूला ठेवून औषध कोठे आणि केव्हा काम करते, यावरच मी लक्ष दिले.

पॅन्टोप्राझोलसारखी औषधे जठरातील त्या वेळी चालू असलेले आम्लपंप कायमचे बंद करतात आणि हे पंप जेवणाने चालू होतात. एवढे समजल्यावर गोळी जेवणाआधी 30 ते 60 मिनिटे का द्यायची, हे वेगळे पाठ करावे लागले नाही. सगळे पंप एकदम चालू नसल्याने पूर्ण परिणामास काही दिवस लागतात, हेही त्यातूनच उलगडले. आम्लात टिकावी म्हणून गोळीवर आवरण असते, त्यामुळे ती कुटून नळीतून देता येत नाही. जठरातील व्रणावर संरक्षक थर देणारे सुक्रालफेटही रिकाम्या पोटीच द्यायचे, पण ते इतर औषधांना बांधून ठेवत असल्याने त्यांच्यात अंतर राखावे लागते.

सर्वाधिक वेळ उलटीवरील औषधांनी घेतला. मेटोक्लोप्रामाइड मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) अडवते, त्यामुळे मान वाकडी होणे किंवा विलक्षण अस्वस्थता दिसू शकते, आणि तरुण रुग्णांत ही अस्वस्थता चिंता समजून सोडून दिली जाण्याचा धोका मला फार मोठा वाटतो. ते आतड्यांची हालचालही वाढवते, म्हणून आतड्यात अडथळा असल्यास ते वर्ज्य आहे. उलटीवरच्याच ऑन्डान्सेट्रॉनने ईसीजीतील क्यूटी अंतर (हृदयाच्या ठोक्यातील विद्युत क्रियेचा कालावधी) लांबू शकते, म्हणून ते अंतर, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहावे लागते. उलट्यांनी हीच क्षारद्रव्ये घटलेली असतात, ही त्यातली मेख.

लॅक्ट्युलोज मी बद्धकोष्ठतेपुरतेच धरून चालले होते. यकृतविकारातील संभ्रमावस्थेत मात्र त्याचे काम अमोनिया मोठ्या आतड्यात अडकवून बाहेर काढण्याचे असते आणि दिवसाला 2 ते 3 मऊ शौच होतील अशी मात्रा ठरवतात. त्याहून जास्त जुलाब झाल्यास पाणी आणि पोटॅशियम घटून संभ्रम वाढू शकतो, त्यामुळे अशा रुग्णाच्या शौचाची नोंद मी आता त्याच्या शुद्धीच्या नोंदीशेजारीच लिहिते.