दिगू टिपणीसचा चेहरा

‘सिंहासन’ (1979) हा राजकारणावरचा सिनेमा मी परवा पुन्हा पाहिला, आणि लगेच अरुण साधूंची दोन्ही पुस्तकं काढून बसलो. हो, दोन्ही. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी ही एक पटकथा उभी केली आहे. त्यात बरंच गाळलं गेलंय, हे मान्य. साधूंची मुंबई पानापानांत घामेजलेली, कर्कश, अवाढव्य आहे. दिग्दर्शक जब्बार पटेलांच्या कृष्णधवल चौकटीत ती सगळी मावणं शक्यच नव्हतं, आणि मला तिची चुटपुट लागते.

पण दिगू! कादंबरीतला पत्रकार वाचताना मला त्याचे विचार कळत होते. पडद्यावर निळू फुले जवळजवळ काहीच न बोलता ते सगळं पोचवतात. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव डाव टाकत असतात, आणि हा माणूस नुसता बघत असतो. डोळे किंचित बारीक, खांदे पडलेले. शेवटी तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

तरी नव्या वाचकाला मी सांगेन, आधी पुस्तकं वाचा. राजकारणातल्या माणसांची मनं साधूंनी आतून दाखवली आहेत, तेवढी सिनेमात दिसत नाहीत.