शब्दाची फोड

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. त्यामुळे आठवीतसुद्धा धड्यात लांबलचक शब्द आला की वाचणारा अडखळायचा आणि पुढचं वाचन तिथेच थांबायचं. इंग्रजीच्या बाईंनी त्यावर जे शिकवलं, ते शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात यायलाच हवं असं मला वाटतं.

बाई एकाच शब्दाची फोड दोनदा करायला लावत. थर्मॉमिटर हा शब्द त्या फळ्यावर इंग्रजीत मोठा लिहायच्या. आम्ही हनुवटीखाली हात धरून तो सावकाश म्हणायचा. स्वर आला की हनुवटी खाली येते. चारदा आली म्हणजे तुकडे चार: थर्, मॉम्, इ, टर. त्यांच्यामध्ये पांढऱ्या खडूच्या रेघा. मग लाल खडूने एकच रेघ: थर्मो म्हणजे उष्णता, मीटर म्हणजे मोजणारं. ही लाल रेघ पांढऱ्या रेघांपैकी एकीवरही पडत नसे, दुसऱ्या तुकड्याच्या पोटातून जायची. पांढऱ्या रेघा वाचायला, लाल समजायला, असं बाई सांगत.

मराठीच्या तासाला संधी-समासाचा विग्रह करतच होतो, म्हणून लाल खडू लवकर अंगवळणी पडला. पण ताळा केल्याशिवाय रेघ मारायची परवानगी नव्हती. अनहॅपीतला 'अन' काढला तर हॅपी उरतो, म्हणून तो उपसर्ग. अंकलमधला काढला तर हाती काहीच लागत नाही! नुसते उपसर्ग पाठ करणाऱ्या मुलांना ते नको तिथेही दिसायला लागतात, त्यामुळे हा ताळा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे नर्सिंगला गेले. गॅस्ट्रोएन्टरायटिस म्हणजे जठर, आतडं आणि दाह. शेवटचं 'आयटिस' कळलं की हिपॅटायटिस, आर्थ्रायटिस वेगळे घोकावे लागत नाहीत. सगळ्यात जपावं लागतं ते हायपोग्लायसेमिया आणि हायपरग्लायसेमियाला. दोन्हींत साखर आहे, रक्त आहे. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. घाईत ऐकताना दोन्ही सारखेच वाटतात, पण एकात पेशंटला तातडीने साखर द्यायची असते, दुसऱ्यात इन्शुलिन लागू शकतं. उलटं झालं तर जिवावर बेतेल. म्हणून वॉर्डात नव्याने येणाऱ्या मुलींना मी हे दोन्ही शब्द आधी तुकडे पाडून मोठ्याने म्हणायला लावते आणि मग अर्थ विचारते.